झोप सावध असेल तर रुळांजवळचं घर कसं निवडावं

माझी झोप सावध आहे. शेजारच्या घरात कोणी कपाटाची कडी सरकवली तरी मला जाग येते. ऑफिस फोर्टमध्ये, त्यामुळे लोकलपासून लांब राहणं ना वेळेला परवडतं ना खिशाला. गेल्या बारा वर्षांत मध्य आणि हार्बर मार्गांवर मिळून चार भाड्याच्या घरांत राहून झालं. त्यातलं एक रुळांपासून जेमतेम साठ-सत्तर पावलांवर होतं, आणि सगळ्यांत शांत झोप मला तिथेच लागली. दुसरं एक स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटांवर होतं, एजंटने ‘एकदम शांत एरिया’ म्हणून दाखवलेलं. तिथून मी पाच महिन्यांत बाहेर पडले.

तेव्हापासून मी घराचं रुळांपासूनचं अंतर आधी विचारत नाही. मी ज्या खोलीत झोपणार, त्या खोलीत, मी झोपेत असेन त्या वेळी कुठला आवाज येतो, एवढंच शोधते. पुढे लिहिलंय ते सगळं या एका प्रश्नाचं उत्तर मिळवण्यासाठी आहे. उदाहरणं मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतली आहेत, कारण तिथलंच मला नीट माहीत आहे. पण पुण्यात खडकी-चिंचवडला किंवा नागपुरात अजनीला घर बघणाऱ्यांनाही पद्धत हीच वापरता येईल.

आधी स्वतःची झोप ओळखा

घर शोधायला लागण्यापूर्वी आठवडाभर उशाशी कागद-पेन ठेवा. जाग आली की वेळ लिहा, आणि कशाने आली ते कळलं तर तेही. सकाळी आठवून लिहू म्हटलं तर आठवत नाही.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली म्हणजे तुम्हाला कुठला आवाज उठवतो. काहींना एकसुरी घरघर चालते पण अचानक वाजलेला भोंगा चालत नाही. काहींना आवाजाचं काही नाही, पण पलंग थरथरला की डोळे उघडतात. या दोघांनी शोधायची घरं वेगळी. भोंगा खिडकीतून येतो, त्यावर काचेने आणि फटी बुजवून बराच इलाज होतो. थरथर जमिनीतून आणि इमारतीच्या पायातून येते, तिच्यावर भाडेकरूकडे काहीच इलाज नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. आपली गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या अर्ध्या भागात असते, पहाटेकडे ती उथळ होत जाते. म्हणून बारा वाजता गेलेल्या गाडीने जी व्यक्ती कूसही बदलत नाही, तीच तेवढ्याच आवाजाच्या पहाटे साडेचारच्या गाडीने टक्क जागी होते. मुंबईत नेमकी चारच्या सुमाराला लोकल सुरू होते. त्यामुळे घर बघताना पहाटेला रात्रीपेक्षा जास्त महत्त्व द्या. बहुतेक लोक उलट करतात: रात्री दहाला एक चक्कर मारतात आणि ‘ठीक आहे की’ म्हणून टोकन देऊन येतात.

आकड्यांबद्दल थोडं. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते ६. हे आकडे घराबाहेरच्या हवेतले आणि सरासरीचे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली झोपण्याच्या खोलीसाठी सुचवलेले आकडे जास्त कामाचे आहेत: खोलीच्या आत सरासरी ३० डेसिबल, आणि एखादाच आवाज आला तर तो ४५ च्या वर जाऊ नये. सावध झोपेच्या माणसाचा घात हा दुसरा आकडा करतो. रात्रभराची सरासरी छान असेल आणि तरी चार भोंगे तुमची रात्र चार तुकड्यांत तोडतील.

‘सवय होते’ असं तुम्हाला सगळे सांगतील. काही अंशी खरं आहे, जाग येणं कमी होतं. पण माणूस जागा झाला नाही तरी आवाजासरशी त्याच्या हृदयाचे ठोके वाढतात, आणि ते वाढणं सवयीने पूर्णपणे जात नाही. म्हणून सवयीच्या भरवशावर घर घेऊ नका.

रूळ वाचायला शिका

सगळे रूळ सारखे नसतात. नकाशावर उपग्रहाचं चित्र उघडा, जिथे घर बघताय तिथले रूळ मोजा आणि त्यांवरून काय धावतं ते शोधा. एक संध्याकाळ यात घालवलीत तर पुढच्या दहा फेऱ्या वाचतात.

फक्त लोकल धावणारा मार्ग सावध झोपेच्या माणसाला सगळ्यांत सोयीचा, कारण तो रात्री खरोखर गप्प होतो. ठाणे-वाशी-नेरूळ हा ट्रान्स हार्बर मार्ग तसा आहे. सीएसएमटी ते वाशी-बेलापूर हा हार्बर मार्गही बहुतेक तसाच, फक्त वडाळा आणि चेंबूरच्या बाजूला बंदराकडे आणि ट्रॉम्बेकडे जाणारे मालगाडीचे फाटे आहेत, त्यांच्या कडेचं घर असेल तर चौकशी करा. याउलट मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या मुख्य मार्गांवर लोकल थांबली तरी मेल-एक्सप्रेस रात्रभर असतात. विदर्भ-मराठवाड्यातून रात्री निघालेल्या गाड्या पहाटे कल्याण-ठाण्यातून आत शिरतात, गुजरात-दिल्लीकडच्या विरार-बोरिवलीतून. म्हणजे आपली झोप उथळ असते तेव्हाच.

शांततेचा पट्टाही सगळीकडे सारखा नसतो. शेवटची लोकल सीएसएमटीहून मध्यरात्रीनंतर सुटते, पण तिला कर्जत-कसाऱ्याकडे पोचेपर्यंत दोन वाजून जातात. तिकडच्या पहिल्या गाड्या शहरात चारला दिसाव्यात म्हणून तिथून त्याच्या बऱ्याच आधी निघतात. त्यामुळे शीवला लोकलपासून जो साडेतीन तासांचा निवांतपणा मिळतो तो बदलापूरला मिळेलच असं नाही. एम-इंडिकेटर या लोकलच्या वेळा दाखवणाऱ्या ॲपवर तुमच्या स्टेशनची शेवटची आणि पहिली गाडी, दोन्ही दिशांच्या, बघा. मेल-एक्सप्रेससाठी रेल्वेचं वेळापत्रक उघडा आणि रात्री ११ ते सकाळी ६ मधल्या गाड्यांची यादी करा. स्टेशनवर न थांबणाऱ्या गाड्या विसरू नका, त्या जोरात जातात.

मालगाडी वेळापत्रकात सापडत नाही. ती कधीही येते, संथ येते, तिला जायला बराच वेळ लागतो, आणि एखाद्या वाघिणीचं, म्हणजे मालडब्याचं, चाक एका जागी चपटं झालेलं असेल तर प्रत्येक फेऱ्याला ठोका पडतो. वसई-दिवा-पनवेल मार्ग आणि पनवेलहून जेएनपीटी बंदराकडे जाणारा मार्ग हे मालगाड्यांचे. भिवंडी, कोपर, तळोजा, कळंबोली या पट्ट्यात घर स्वस्त आणि नवं मिळतं, पण सावध झोप असेल तर तिथे रुळांकडे तोंड असलेली खोली घेऊ नका असंच मी सांगेन. अंगाला थरथर जाणवते ती मुख्यतः मालगाडीचीच.

आता बाजू. मध्य रेल्वेवर घाटकोपर, मुलुंड, डोंबिवलीसारख्या स्टेशनांत एक नंबरचा फलाट पश्चिमेला आहे आणि स्लो लोकल त्या बाजूने जातात, फास्ट आणि मेलचे रूळ पूर्वेकडे. पश्चिम रेल्वेवरही मालाड-कांदिवलीकडे साधारण हीच रचना आहे. म्हणून रुळांना लागूनच घर घ्यायचं असेल तर पश्चिमेकडचं आधी बघा. जवळ संथ, थांबणाऱ्या गाड्या येतात, आणि धाडधाड जाणारी मेल चार रूळ पलीकडे राहते. काही जागी रूळ एकमेकांना ओलांडतात, तेव्हा प्रत्यक्ष उभं राहून ताडून पाहा.

एवढं झालं की रुळांवरच्या ‘वाजणाऱ्या’ जागा शोधायच्या. घर यांच्यापासून दोन-तीनशे मीटर सरकवलं तरी रात्र बदलते.

फाटक ही पहिली. फाटकाच्या आधी काही अंतरावर पिवळी पाटी असते, तिच्यावर हिंदीत ‘सी/फा’ लिहिलेलं असतं, म्हणजे सीटी, फाटक. तिथून मोटरमनला भोंगा द्यावाच लागतो, रात्री तीन वाजता रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी. त्यामुळे फाटकापेक्षा त्या पाटीसमोरची इमारत कधीकधी जास्त सोसते. मुंबईत आता फाटकं फार उरली नाहीत, पण दिव्याचं फाटक ज्यांनी ऐकलंय त्यांना हे सांगावं लागणार नाही.

दुसरी जागा म्हणजे लोक रूळ ओलांडतात ती. रेल्वेच्या भिंतीला भगदाड आहे, पायवाट पडलेली आहे, पलीकडे वस्ती आणि अलीकडे बाजार आहे, तर तिथे भोंगा वाजणारच. आणि तो वाजायलाच हवा, त्याने माणसं वाचतात. आपण फक्त त्या जागेसमोर झोपू नये. न थांबणारी गाडी फलाटातून जाताना भोंगा देते, म्हणून फलाटाचं तोंडही त्यातच येतं.

मग सांधे. एका रुळावरून दुसऱ्यावर गाडी जाते तिथे, म्हणजे स्टेशनच्या दोन्ही टोकांना आणि यार्डाच्या तोंडाशी, चाकांचा खडखडाट होतो. सरळ जोडलेल्या रुळावर तो नसतो. खाडीवरचा किंवा नाल्यावरचा लोखंडी पूल असेल तर खालची खडी नसल्यामुळे सगळा सांगाडा घुमतो. तीव्र वळणावर चाकं किंचाळतात, पावसात रूळ ओले झाले की ते कमी होतं, म्हणून पावसाळ्यात बघितलेलं वळण तुम्हाला फसवेल.

आणि कारशेड. कुर्ला, कळवा, सानपाडा, कांदिवली, विरार इथे गाड्या रात्री विसावतात आणि पहाटे बाहेर काढताना तपासल्या जातात. हवेचा दाब भरणारे यंत्र, भोंग्याची चाचणी, हवा सुटल्याचा फुस्स आवाज, हे सगळं पहाटे तीन-साडेतीनला सुरू होतं. नकाशावर दहा-पंधरा रूळ पंख्यासारखे पसरलेले दिसले की त्या बाजूची खिडकी नको.

मेट्रोचं गणित वेगळं. तिला भोंग्याची गरज फारशी पडत नाही, मध्यरात्रीच्या आसपास ती बंद होते आणि पहाटे उशिरा सुरू होते. पण वर्सोवा-घाटकोपर किंवा दहिसर-अंधेरीसारखी उन्नत मेट्रो तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या पातळीवरून जाते, आणि खालच्या रस्त्याची रहदारी तर रात्रभर असतेच. तिथे दहाव्या मजल्यावरचं मागचं घर शोधा. कफ परेड ते आरे ही भुयारी मेट्रो जवळून जात असेल तर अनुभवी रहिवाशाला थरथरीबद्दल विचारा, आवाजाबद्दल नको.

इमारत: आड कोण उभं आहे ते बघा

मी अंतर मागे का टाकलं ते इथे सांगते. लांब गाडीच्या चाकांचा आवाज अंतर दुप्पट झालं की साधारण ३ डेसिबलने उतरतो. ५० मीटरवरून १०० मीटरवर गेलात तर एवढाच फरक, आणि तो कानाला जेमतेम कळतो. भोंगा एका बिंदूतून येतो म्हणून तो दुपटीला साधारण ६ ने उतरतो. पण मध्ये एक सलग, उंच इमारत आली तर फरक एकदम दहाच्या वर जाऊ शकतो, आणि दहाचा फरक म्हणजे कानाला आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. साठ-सत्तर पावलांवरचं माझं ते घर शांत होतं ते याच कारणाने: रुळांना समांतर सात मजली लांबलचक विंग होती आणि माझी खोली तिच्या पाठीमागच्या बाजूला, अंगणाकडे होती.

साधा नियम धरा: बेडरूमच्या खिडकीतून रूळ दिसत असतील तर आवाज थेट येणार. मान वाकवून दिसत असतील तरी येणार, थोडा कमी. अजिबात दिसत नसतील तर पुढे बघायला हरकत नाही. त्यातही एक जागा ध्यानात ठेवा. समोर दुसरी मोठी सपाट भिंत असेल तर रुळांकडचा आवाज तिच्यावर आपटून मागच्या खिडकीत येतो. तिन्ही बाजूंनी बंद आणि एक बाजू रुळांकडे उघडी अशा इंग्रजी ‘यू’ आकाराच्या इमारतीत अंगण ढोलासारखं घुमतं.

मजल्याबद्दल लोक ठामपणे सांगतात, ‘वरचा घ्या, आवाज कमी.’ रस्त्याच्या बाबतीत यात थोडं तथ्य आहे, रुळांच्या बाबतीत बऱ्याचदा उलट होतं. पहिल्या-दुसऱ्या मजल्याला रेल्वेची भिंत, झाडं, समोरची बैठी घरं आड येतात. पाचव्या मजल्यावरून सहाही रूळ उघडे दिसतात आणि सहाही ऐकू येतात. मात्र थरथर खालच्या मजल्यांवर जास्त असते. आवाजाने उठणाऱ्यांनी आडोशाचा खालचा मजला बघावा, थरथरीने उठणाऱ्यांनी वरचा, पण मागच्या बाजूचा.

शेजारचा मोकळा प्लॉट आणि जुनी इमारतही बघून ठेवा. आज आडोसा देणारी तीन मजली सोसायटी पुनर्विकासाला गेली की आधी आडोसा जातो, मग दोन-तीन वर्षं बांधकाम चालतं. त्या सोसायटीच्या फाटकावर विकासकाचा फलक लागलाय का एवढं बघायला अर्धा मिनिट लागतो.

घरात शिरल्यावर

एजंट आधी हॉल दाखवेल, मग किचनमधलं ट्रॉलीचं काम. तुम्ही थेट बेडरूममध्ये जा. खिडकी बंद करा, पंखा बंद करा, सगळ्यांना दोन मिनिटं बोलू नका म्हणून सांगा.

मग खिडकी तपासा. आपल्याकडे बहुतेक घरांत सरकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या असतात. त्यांच्या दोन पल्ल्यांमध्ये आणि खालच्या पट्टीत फट राहते, ब्रशसारखी लव झिजलेली असते. फटीपाशी ओला हात धरा, वारा लागतोय का बघा. जिथून वारा येतो तिथून आवाज येतो. बाहेर उघडणारी, रबराने घट्ट बसणारी खिडकी याहून पुष्कळ चांगली. काच बोटाने वाजवून पाहा, पातळ काच किणकिणते. खिडकीपेक्षाही घातक जागा म्हणजे जुन्या विंडो एसीचं प्लायवुड ठोकून बुजवलेलं भोक, आणि बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांचा झरोका. बेडरूमला लागून बाथरूम रुळांच्या बाजूला असेल तर ते खरं म्हणजे वरदान आहे, मध्ये एक खोली आड येते. फक्त त्याचं दार नीट लागलं पाहिजे.

भिंत वाजवून बघा. बाहेरची नऊ इंची विटांची भिंत मालगाडीसुद्धा बरीच अडवते. नव्या टॉवरमधली हलक्या ठोकळ्यांची पातळ भिंत तेवढं काम करत नाही. पण दहांतल्या नऊ घरांत आवाज भिंतीतून नाही, खिडकीतून येतो.

वन बीएचके असेल तर आणखी एक विचार करा. बेडरूम रुळांकडे आणि हॉल मागच्या बाजूला असेल, तर तुम्ही हॉलमध्ये झोपायला तयार आहात का? असाल तर तुमच्यासमोर एकदम दुप्पट घरं खुली होतात. मी एका घरात तीन वर्षं हॉलमध्ये दिवाण टाकून झोपले आणि बेडरूममध्ये लिहायचं टेबल ठेवलं. पाहुण्यांना विचित्र वाटायचं, पण मला झोप मिळत होती.

तीन फेऱ्या, त्यातली एक पहाटेची

पहिली फेरी एजंटबरोबर, त्याच्या सोयीच्या वेळी. तिचा उपयोग वरच्या गोष्टी बघण्यापुरता.

दुसरी रात्री अकराच्या पुढे, आणि शनिवारी नको. शनिवार-रविवारच्या रात्री ब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी रूळ बंद, असेल तर गाड्या कमी असतात आणि तुमची फसगत होते. उलट, घरासमोरच्याच रुळांवर रात्रीचं काम चालू असेल तर खडी दाबणारं यंत्र ऐकून तुम्ही चांगलं घर सोडून द्याल. मंगळवार-बुधवार बरा.

तिसरी पहाटे चार ते साडेपाच. या फेरीसाठी घरात शिरता येत नसेल तर इमारतीखाली, बेडरूमच्या खिडकीच्या बाजूला उभं राहिलात तरी चालेल. एकटं जाऊ नका, मी दर वेळी भावाला नेते. वॉचमनला आदल्या दिवशी सांगून ठेवा. त्या वेळी तिथे कोणीतरी उभं आहे म्हटल्यावर त्याला संशय येणं बरोबरच आहे.

जमलं तर घरातच एक रात्र काढायची विनंती करा. रिकाम्या घराचे मालक पुष्कळदा हो म्हणतात, ‘टोकन देते, एक रात्र राहून सकाळी पक्कं सांगते’ असं स्वच्छ बोललं तर. चटई, उशी आणि पाण्याची बाटली घेऊन जा. डोकं जिथे येणार तिथेच चटई टाका. जमिनीवर एका पेल्यात काठोकाठ पाणी भरून ठेवा, गाडी जाताना पाण्यावर तरंग उठले तर थरथर आहे. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, सामान आलं की थोडा मऊ होतो, हे लक्षात ठेवून निकाल द्या.

फोनवरचं डेसिबल मोजणारं ॲप वापरा, पण त्याच्या आकड्यावर विश्वास टाकू नका. प्रत्येक फोनचा माइक वेगळा. उपयोग तुलनेचा: त्याच फोनने आधी आत्ताच्या घरात झोपायच्या वेळी मोजा, मग नव्या घरात. खोली शांत असतानाचा आकडा आणि गाडी जातानाचा सगळ्यांत मोठा आकडा, दोन्ही लिहा. त्यांतला फरक १० च्या आत असेल तर मला बहुधा झोप लागते, १५ च्या वर गेला तर मी घर सोडते. हा माझा हिशेब आहे, तुमचा तुम्हाला आठवड्याच्या टिपणांवरून बसवता येईल.

ऋतूचंही बघा. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे आवाज वर न जाता दूरवर पसरतो. एरवी न ऐकू येणारी गाडी तेव्हा ऐकू येते. म्हणून हिवाळ्यात शांत वाटलेलं घर बाकी वर्षभर साधारण शांतच राहतं. पावसाळ्यात खिडक्या बंद असतात, पावसाचा आवाज वर पडतो, तेव्हा पसंत केलेलं घर ऑक्टोबरच्या उकाड्यात खिडकी उघडल्यावर वेगळंच निघतं.

कोणाला काय विचारायचं

‘आवाज येतो का?’ हा प्रश्न फुकट जातो. मालक नाही म्हणणार, एजंट नाही म्हणणार, आणि वीस वर्षं राहिलेल्या काकू मनापासून नाही म्हणतील, कारण त्यांना तो आता खरंच येत नाही.

शेजाऱ्यांना विचारा: उन्हाळ्यात रात्री खिडकी उघडी ठेवता का? फोनवर बोलताना गाडी आली तर थांबावं लागतं का? तान्हं बाळ असलेल्या घरात विचारा, ते कुठल्या खोलीत झोपतं. याची उत्तरं लोक खरी देतात, कारण त्यात घराची निंदा होत नाही. वॉचमनला विचारा की रात्री किती वाजता सगळं शांत होतं आणि पहिलं काय वाजतं. आधीचा भाडेकरू किती महिने राहिला आणि का गेला हे एजंटपेक्षा इस्त्रीवाल्याला जास्त ठाऊक असतं.

त्या पहिल्या वाजणाऱ्या गोष्टीत रेल्वे नसण्याचीच शक्यता जास्त. पाच महिन्यांत सोडलेल्या त्या ‘शांत’ घरात माझ्या बेडरूमखाली सोसायटीचा पाण्याचा पंप होता, आणि पालिकेचं पाणी पहाटे चारला यायचं. त्याच्या जोडीला लिफ्टची खोली, जनरेटर, गॅरेज, दुधाचा टेम्पो, बसचा डेपो, रिक्षास्टँड, लग्नाचा हॉल, नाक्यावरची कुत्री. रुळांच्या बाजूला एक चांगली गोष्ट असते, तिथे रस्ता नसतो. रुळांना पाठ टेकलेल्या बंद गल्लीतल्या इमारतीला गाड्यांचा आवाज ठरलेल्या वेळी येतो आणि बाकी वेळ ती गावासारखी गप्प असते. हे ज्याला कळलं तो मुख्य रस्त्यावरच्या घरापेक्षा असं घर घेईल.

करार

लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे, तो टाळू नका. आपल्या कामाच्या बाबी दोनच. एक, लॉक-इन, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो, शक्य तितका कमी, तीन महिन्यांहून जास्त मान्य करू नका, नाहीतर झोप गेली तरी भाडं भरत राहावं लागेल. दोन, बेडरूमच्या खिडकीला आतून दुसरी खिडकी बसवायची आणि एसीचं भोक पक्कं बुजवायची परवानगी करारातच लिहून घ्या, आणि निघताना ती काढून न्यायची की ठेवायची तेही. तोंडी ‘चालेल’ डिपॉझिट परत मागताना चालत नाही.

राहायला गेल्यावर

पहिल्या दिवशी फटी बुजवा. सरकत्या खिडकीची झिजलेली लव बदलून मिळते, हार्डवेअरच्या दुकानात चिकटणारी रबरी पट्टी मिळते, दाराखालच्या फटीला ब्रशची पट्टी लागते. काही शे रुपयांत होणारं हे काम हजारो रुपयांच्या जाड पडद्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतं. पडद्याने खोलीतलं घुमणं कमी होतं, बाहेरचा आवाज अडत नाही.

तेवढ्याने भागलं नाही तर आतून दुसरी खिडकी. जुन्या खिडकीपासून चार इंचांच्या आसपास अंतर सोडून भिंतीच्या आतल्या काठावर जाड काचेची, रबराने घट्ट लागणारी वेगळी खिडकी. दोन काचांमधली ही मोठी पोकळी हेच तिचं बळ, दुकानदार दाखवतो त्या अर्ध्या इंचाच्या दुहेरी काचेपेक्षा ती आवाजाला जास्त रोखते. दोन्ही काचा वेगवेगळ्या जाडीच्या घ्या आणि शक्य असेल तर एक लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये पातळ थर दाबलेली. फक्त रुळांकडच्या, तेही झोपायच्या खोलीतल्या खिडकीला बसवा, सगळ्या घराला नको. मग खोली बंद होते, म्हणून मागच्या बाजूची हवा आत येईल अशी वाट ठेवा, नाहीतर आपल्या दमटपणात भिंतीला बुरशी धरते. एसी लावणार असाल तर विजेचं बिल धरूनच घराचं बजेट करा.

पलंगाचं डोकं रुळांकडच्या भिंतीला नको, आतल्या भिंतीला लावा. रुळांकडच्या भिंतीला कपडे भरलेलं कपाट ठेवा. पंखा एका वेगावर चालू राहू द्या, त्याच्या घरघरीने खोलीची पातळी थोडी वर येते आणि लांबचा भोंगा तितका उठून येत नाही. फोमचे बोळे वापरणार असाल तर ते बोटांत बारीक वळून, दुसऱ्या हाताने कान वर ओढून आत सारायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचे. नुसते कानाच्या तोंडाशी खोचले तर उपयोग नाही. गजर उशीखाली थरथरणारा लावा.

पहिले पंधरा दिवस उशाशी पुन्हा तोच कागद ठेवा. जाग आल्याच्या वेळा वेळापत्रकाशी लावून बघा. रोज ४:२० ला जाग येत असेल आणि ४:१८ ची गाडी असेल, तर खिडकीचं काम अजून उरलंय. वेळा गाडीशी जुळत नसतील तर रुळांकडे बघू नका, खाली उतरून पंपाची खोली कुठे आहे ते विचारा.